नाताळची सुट्टी : आधी पुस्तक की आधी पिक्चर? (सोसायटीच्या ग्रुपवरून)

२३ डिसेंबर

बी-४०२ : नमस्कार मंडळी. परवापासून बऱ्याच पोरांना सुट्टी. दिवसभर पार्किंगमध्ये क्रिकेट आणि संध्याकाळी काचेचे पैसे कोणी द्यायचे यावर भांडण, त्यापेक्षा एक सुचवते. पिक्चर निघालेली तीन मराठी पुस्तकं घेऊ. आधी वाचायचं, मग आपापल्या घरी पिक्चर बघायचा आणि मग इथे बोलायचं. पिक्चरवाल्यांनी काय गाळलं, एवढंच. निबंध नाही, बक्षीस नाही.

ए-१०१ : सुट्टी इंग्रजी शाळांना हं ताई. आमच्याकडे फक्त २५ तारीख, पुढे गॅदरिंगची प्रॅक्टिस.

सी-३०३ : गॅदरिंगची प्रॅक्टिस म्हणजे सुट्टीच की हो.

बी-४०२ : भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, साने गुरुजींची श्यामची आई, मिलिंद बोकिलांची शाळा. माझ्याकडे तिन्हीची एकेक प्रत आहे. अजून कोणाकडे असतील तर सांगा.

सेक्रेटरी : उद्या ११ ते २ टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवा. उपक्रम चांगला आहे, पण क्लबहाऊस मागू नका, रंगकाम चालू आहे.

बी-४०२ : नकोच आहे काका.

सी-५०१ : मी म्हातारा मधे बोलतो, माफ करा. उद्या २४ डिसेंबर. साने गुरुजींचा जन्म १८९९ चा, याच तारखेचा, कोकणात पालगडला. सुरुवात श्यामपासूनच व्हावी.

ए-२०४ : आजोबा, नाताळात पोरांना रडवायचं का?

सी-५०१ : रडू द्या. मोबाईलचा चार्जर सापडला नाही तरी रडतातच.

बी-१०४ : पीडीएफ टाकू का तिन्हीच्या? कुठेतरी मिळतील.

बी-४०२ : श्यामची टाका, बिनधास्त. गुरुजी १९५० मध्ये गेले, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०११ पासून ते पुस्तक सगळ्यांचं. बाकी दोन्हीच्या नको. आणि पिक्चरच्या फुकट्या लिंकाही इथे नकोत.

२५ डिसेंबर

ए-२०४ : मी आईच्या फोनवरून लिहितोय, सातवी. मला पोहण्याचा धडा आवडला नाही. श्याम घाबरून लपून बसतो तर आई त्याला शिंपटीने मारते. आमच्या शाळेत सांगतात मारायचं नसतं.

सी-५०१ : शाबास, बरोबर पकडलंस. पुढचं वाचलंस का? पोहून आल्यावर ती त्याला जवळ घेऊन काय सांगते?

ए-२०४ : हो. लोक तुला भित्रा म्हणतील ते मला चालणार नाही म्हणते. पण ते आधी सांगायचं ना.

बी-१०४ : पोरगा वकील होणार.

ए-१०१ : माझी मुलगी आंघोळीनंतरच्या त्या प्रसंगाशी अडली. ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम आईला लुगड्याचा ओचा पसरायला लावतो. आई म्हणते, पायांना जपतोस तसं मनालाही जप. ही म्हणाली, पण आईचं लुगडं घाण झालं त्याचं काय? मला उत्तर सुचेना.

सी-५०१ : उत्तर पुस्तकातच आहे. हे सगळं सांगतोय कोण? मोठा झालेला श्याम. आई गेल्यावर, आश्रमातल्या मित्रांना, रोज रात्री थोडं थोडं, अशा ४२ रात्री. लहानपणी न कळलेलं त्याला आता कळतंय आणि सांगायला आई नाही. म्हणून ते पुस्तक रडवतं. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलंय हो.

बी-४०२ : आजोबा, माझं अगदी हेच म्हणणं होतं. अत्र्यांच्या १९५३ च्या पिक्चरमध्ये आई थेट समोर दिसते. आई झालेल्या वनमालाबाई इतक्या उभ्या राहतात, की सांगणारा श्याम मागेच पडतो. पुस्तक मुलाचं आहे, पिक्चर आईचा झाला.

सी-५०१ : म्हणून तो कमी नाही. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. त्यानंतर तो मान दुसऱ्या मराठी पिक्चरला मिळायला 'श्वास' यावा लागला, मधे पन्नास वर्षं गेली.

ए-२०४ : आम्ही २०२३ चा पाहिला. तोही ब्लॅक अँड व्हाइट आहे. लेक पाच मिनिटं कुरकुरला, मग विसरला. त्यात तुरुंगातले गुरुजीही आहेत.

बी-४०२ : हो, सांगणाऱ्याला पुन्हा आत आणलंय. त्या दिग्दर्शकाचा पहिला पिक्चर म्हणजे आपला शेवटचा, शाळा.

२७ डिसेंबर

ए-१०१ : फास्टर फेणेवर एकच तक्रार, तीही पोरांची. पुस्तकात बन्या फेणे शाळकरी, फुरसुंगीचा, सायकलवाला. पिक्चरमध्ये दाढी येण्याच्या वयाचा, मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला आलेला.

सी-३०३ : त्याचं ते "ट्टॉक्" आहे ना? मग झालं. आमच्या वेळी दूरदर्शनवर सुमीत राघवन फेणे होता, तोच खरा.

बी-४०२ : पिक्चरमध्ये भा. रा. भागवतांनाच पात्र केलंय, ते मला फार आवडलं. भागवत झालेले प्रभावळकर नुसते खिडकीत बसले तरी बघत राहावं.

२९ डिसेंबर

बी-१०४ : ताई, जरा स्पष्ट बोलतो. शाळा मी स्वतः वाचली. नववीतला मुलगा, वर्गातल्या मुलीच्या मागे. माझी मुलगी सहावीत आहे. हे द्यायचं?

ए-२०४ : सहावीतल्यांना काही माहीत नसतं असं वाटतं का तुम्हाला भाऊ?

बी-१०४ : माहीत असतं हे माहीत आहे, म्हणूनच विचारतोय.

बी-४०२ : भाऊ, सहावीला घाई नको. आठवीच्या पुढच्यांना द्या. पण "मुलीच्या मागे" एवढंच त्यात नाही. चार मित्र अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमध्ये बसून जगावर चर्चा करतात, घरी मोठी माणसं आणीबाणीवर हळू आवाजात बोलतात, आणि त्या नववीतल्या जोशीला ते अर्धंच कळतं. त्याला वर्गातल्या त्या शिरोडकरपुढे काही नीट दिसत नाही, आणि मजा त्यातच आहे.

सी-३०३ : आणीबाणी नक्की किती दिवस होती? मुलाने विचारलं, मी "बरेच" म्हणालो.

सी-५०१ : २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७. त्याला माझ्याकडे पाठवा, चहा प्यायला.

ए-१०१ : पिक्चर छान आहे, पण जोशी मनातल्या मनात जे बोलतो ते कुठे गेलं? पुस्तकात पानापानाला हसले. शिरोडकरशी तो बोलतो दोन शब्द आणि मनात दोन पानं.

बी-४०२ : कॅमेऱ्याला मनातलं दाखवता येत नाही, चेहराच दाखवता येतो. शिरोडकर झालेली केतकी माटेगावकर नुसती बघते तेव्हा ती दोन पानं भरून निघतात की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. माझ्या मते निम्मी निघतात.

बी-१०४ : माझ्या मते पूर्ण निघतात. मी पिक्चर आधी पाहिला होता, म्हणून असेल.

बी-४०२ : बघा! म्हणून म्हणत होते, आधी पुस्तक.

बी-१०४ : उलट मी तर म्हणतो आधी पिक्चर. मग पुस्तक वाचताना नवीन सापडत राहतं. आधी पुस्तक वाचलं की पिक्चरभर "हे गाळलं, ते गाळलं" करत बसायचं. तुम्ही सगळे आठवडाभर तेच करताय.

ए-२०४ : भाऊंचा मुद्दा आहे हं.

बी-४०२ : मुद्दा आहे, मान्य नाही. शिरोडकरचा चेहरा मी पुस्तक वाचताना स्वतः केला होता. तो आता गेला, केतकीच येते डोळ्यांसमोर.

३१ डिसेंबर

सेक्रेटरी : आज रात्री साडेदहानंतर गच्ची बंद. फटाके नाहीत.

सी-५०१ : सोमवारी शाळा सुरू होतील त्याआधी एक सुचवतो. बनगरवाडी. व्यंकटेश माडगूळकर, १९५५. धनगरांच्या वाडीत गेलेला तरुण मास्तर. छोटंसं पुस्तक आहे, आणि अमोल पालेकरांचा पिक्चरही. यात वर्गातलं प्रेमप्रकरण नाही, बी-१०४ निश्चिंत.

बी-१०४ : आजोबा!

बी-४०२ : घेऊ, शनिवार-रविवारी. पण माझ्याकडे प्रत नाही. कोणाकडे आहे?

सी-३०३ : माझ्याकडे आहे. कॉलेजातली. पानं सुटलीत, रबर लावून देतो.