मदत हवी आहे: चुंबकीय नॅनोकण सेन्सरला दिसतच नाहीत

शेंग_सोलापूर:
शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन (बुरशीनं तयार होणारं विष) ओळखायचा प्रकल्प आहे. आयर्न ऑक्साइडच्या कणांना ते विष पकडणारी अँटिबॉडी लावली, सेन्सरवर थेंब टाकला, आकडा जागचा हलत नाही. साधा चुंबक जवळ नेला की लगेच हलतो, म्हणजे सेन्सर ठीक आहे. कणही चुंबकाकडे ओढले जातात. कोड तपासून झाला. पुढच्या आठवड्यात सादरीकरण आहे, लवकर सांगा.

वेटोळे:
सेन्सर कुठला? कणांचा आकार? थेंब आणि चिपमध्ये अंतर किती? बाहेरून चुंबकीय क्षेत्र किती दिलंय?

शेंग_सोलापूर:
होकायंत्राचं मॉड्यूल. कण लॅबमध्येच केले, फेरिक आणि फेरस क्लोराइडमध्ये अमोनिया घालून. बाहेरून क्षेत्र कशाला? कण चुंबकीयच आहेत ना?

वेटोळे:
गोम तिथंच आहे. या पद्धतीनं बहुधा 10-15 नॅनोमीटरचे कण मिळतात, ते सुपरपॅरामॅग्नेटिक असतात. बाहेरचं क्षेत्र नसेल तर त्यांचं चुंबकत्व उष्णतेनं सतत दिशा बदलतं आणि बेरीज शून्य होते. पृथ्वीचं 40 मायक्रोटेस्लाच्या आसपासचं क्षेत्र इथं पुरत नाही. क्षेत्र देणारी कॉइल लागेल. शिवाय छोट्या कणाचं क्षेत्र अंतराच्या घनानं घटतं: अंतर दुप्पट झालं की एक अष्टमांश. चिपवरच्या प्लॅस्टिकच्या जाडीतच तुझा सिग्नल संपतो.

चाळ_नंबर_दोन:
एवढा खटाटोप कशाला? एलायझा किट (अँटिबॉडी वापरून रंगावरून विष मोजणारी चाचणी) आणा, मोकळे व्हा.

शेंग_सोलापूर:
किटला लॅब लागते. मला बाजार समितीत, पोत्याशेजारी तपासायचंय. शेंगदाण्याचा अर्क तेलकट आणि गढूळ असतो, प्रकाशानं वाचायला त्रास होतो. त्यात स्वतःचं चुंबकत्व जवळपास नसतं, म्हणून हा मार्ग धरला.

कडक_भाकरी:
मग हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्रानुसार व्होल्टेज देणारा) घे. कॉइलचं क्षेत्र बरंच वाढवलं तरी तो सहज सॅच्युरेट होत नाही, म्हणजे आकडा टोकाला जाऊन अडकत नाही. आम्ही तोच वापरतो.

वेटोळे:
साधा बाजारातला हॉल सेन्सर इतक्या क्षीण सिग्नलला गोंगाटात हरवतो. जीएमआर (चुंबकीय क्षेत्रात विद्युतरोध बराच बदलणाऱ्या पातळ थरांचा सेन्सर) घ्यावा. 1988 मध्ये फेर आणि ग्र्युनबर्ग या भौतिकशास्त्रज्ञांना हा परिणाम सापडला, 2007 चं नोबेल त्यालाच मिळालं. तो फिल्मच्या पातळीतलं क्षेत्र ओळखतो, म्हणून कॉइलचं क्षेत्र फिल्मला लंब येईल अशी ती लावायची. कणांचं आडवं क्षेत्र तेवढं वाचतो.

कडक_भाकरी:
कॉइल जराशी तिरकी झाली की तुमचा जीएमआर भरून जातो. हॉल सेन्सरला तो धोका नाही. विद्यार्थ्याचं बजेटही बघा की.

माळावरची_ज्वारी:
शेंगदाणे भाजून चटणी केली की विष जातं का? घरी थोडे खवट निघालेत.

चाळ_नंबर_दोन:
भाजल्यानं थोडं कमी होतं, पूर्ण जात नाही. खवटपणा म्हणजे तेलाचं ऑक्सिडेशन, बुरशी वेगळी. पण बुरशी दिसली तर टाकूनच द्या.

यंत्रमाग_वाली:
आसपास यंत्रमाग चालू आहेत का? 50 हर्ट्झचा गोंगाट सगळीकडे शिरतो. कॉइलला एसी द्या, वारंवारता 50 च्या पटीत नको, आणि लॉक-इननं (फक्त त्याच वारंवारतेचा सिग्नल उचलणाऱ्या यंत्रानं) वाचा. दुसरा, कण नसलेला सेन्सर ब्रिजमध्ये (दोन सेन्सरमधला फरक मोजणाऱ्या जोडणीत) घाला. आपल्याकडं मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो, नाहीतर तापमानानं आकडा सरकत राहील.

चाळ_नंबर_दोन:
एक मूळ प्रश्न कुणीच विचारला नाही. जोडणी सँडविच पद्धतीची आहे का?

शेंग_सोलापूर:
हो. एक अँटिबॉडी पृष्ठभागावर, दुसरी कणांवर.

चाळ_नंबर_दोन:
मग कॉइल लावूनही जमायचं नाही. अफ्लाटॉक्सिन बी1 चा रेणुभार जेमतेम 312, त्यावर दोन अँटिबॉडी एकदम बसायला जागाच नाही. स्पर्धात्मक पद्धत घे: विषाचा प्रथिनाला जोडलेला रेणू पृष्ठभागावर लाव, अँटिबॉडी कणांवर. नमुन्यात विष जास्त असेल तर सिग्नल कमी येईल.

शेंग_सोलापूर:
हे कुणीच सांगितलं नव्हतं. पृष्ठभाग नव्यानं करतो, सादरीकरणात निदान कॉइल आणि कण एवढं तरी दाखवता येईल. सोलापुरात कॉइलसाठी इनॅमलची बारीक तार सुटी कुठं मिळेल?

वेटोळे:
मोटर रिवाइंडिंगवाल्याकडं विचार. आणि कणांचा आकार मोजून इथं टाक, तो अजून आलेला नाही.