इक्झोराच्या कुंपणावर खवले कीड: मुळाशी औषध ओतावं का?

बागराखण: इक्झोरा नि कण्हेरीच्या कुंपणांवर खवले कीड दिसली की वरून फवारा मारला जातो आणि महिन्याभरात पुन्हा तेच. कीड बसते पानाच्या मागे, शिरेला चिकटून. दाट कुंपणात फवारा तिथे पोचत नाही. म्हणून माझं मत: इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मुळाशी ओतावं. झाड ते स्वतःच वर घेतं, वाऱ्यावर उडत नाही. फक्त आधी पालापाचोळा बाजूला सारून माती ओली करा.

पानामागे: आधी कीड ओळखा. इक्झोरावर बहुधा हिरवे मऊ खवले असतात: चपटे, लांबट गोल, पोपटी. त्यांच्या चिकट द्रवावर काजळी चढते. कण्हेरीवरचे गोल, फिकट टिकल्यांसारखे खवले कठीण कवचाचे. नखाने कवच उचललं की खाली पिवळी कीड वेगळी दिसते. हे चिकट द्रव सोडत नाहीत, कारण ते रसवाहिन्यांतून न पिता पेशींतला रस शोषतात. त्यामुळे इमिडाक्लोप्रिड त्यांच्यावर जेमतेमच चालतं. कण्हेरीला ओतलेलं औषध वाया! इक्झोरावर तर माझा ठाम विरोध, तिथे फवारणीचं तेल मारा. सतत फुलणारं झाड आहे, औषध मकरंदातही उतरतं, आणि त्याच फुलांवर फुलपाखरं नि शिंजीर येतात.

बागराखण: कण्हेरीचं पटलं. पण इक्झोरावर तेल मारायचं तरी पानामागे पोचणार कसं?

पानामागे: छाटणीने. आतल्या किडक्या फांद्या आधी काढा, मग नोझल खालून वर धरा. फवारणीचं खनिज तेल लिटरला 10 ते 20 मिली, पंप सारखा हलवत; नाहीतर तेल वर तरंगतं आणि शेवटच्या फवाऱ्यात पानं करपतात. झाड तहानलेलं असेल किंवा पारा 32 अंशांच्या वर असेल तर थांबा. गंधक मारलं असेल तर तीन आठवडे तेल नको. आईच्या अंगाखालची पिल्लं पहिल्या फवाऱ्यातून वाचतात, म्हणून 10-12 दिवसांनी दुसरा. नेमकी वेळ कळायला फांदीला दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी गुंडाळा. भिंगातून तिच्यावर बारीक पिवळे ठिपके दिसले की पिल्लं फिरू लागली.

मुंगीवाट: तुमच्या वादात मुंग्या राहूनच गेल्या. गोड द्रवासाठी त्या खवल्यांची राखण करतात, खवले खाणारे ढालकिडे आणि परजीवी गांधिलमाश्या हाकलतात. भिंतीला टेकलेल्या फांद्या कापा. मुंग्यांना आमिष म्हणून लिटरभर साखरपाण्यात 5 ते 10 ग्रॅम बोरिक ॲसिड ठेवा, बारीक भोकांच्या बंद डबीत, मुलं-जनावरांच्या हाती लागणार नाही असं. जास्त घातलंत तर मुंग्या वाटेतच मरतात, वारुळात काही पोचत नाही.

विकतचे ढालकिडे सोडण्याआधीही विचार करा. 1898 साली क्रिप्टोलीमस हा ढालकिडा ऑस्ट्रेलियातून भारतात आणला तो याच हिरव्या खवल्यांसाठी. त्यांच्यावर तो चालला नाही, पिठ्या ढेकणावर मात्र टिकला. पावसाळ्यात लेकॅनिसिलियम ही पांढरी बुरशी हिरवे खवले आपसूक मारते. त्या दिवसांत तांब्याचं बुरशीनाशक मारू नका.

बागराखण: बरं, इक्झोरावर आधी तेल. पण दोन फवाऱ्यांनंतरही खवले गळले नाहीत तर?

पानामागे: मेलेले खवलेही महिनोन्‌महिने चिकटून राहतात. वीसेक खवले नखाने दाबा. ओल आली तर जिवंत, कोरडा भुगा झाला तर मेलेले.