द्राक्षबागेतील शूट: छायाचित्रकाराची जबाबदारी कुठून सुरू होते?

प्रश्न: एका द्राक्ष निर्यातदाराच्या कॅटलॉगसाठी फेब्रुवारीत नाशिकच्या गंगापूर धरणाजवळच्या बागेत शूट ठरले आहे. जागा, परवानग्या व वेळापत्रक ग्राहकाने पाहावे, की तेही माझेच काम समजावे?

उत्तर १: परवानग्या कोणी घ्यायच्या हे करारात लिहून घ्यावे. जागेची पाहणी मात्र आपणच, आणि ज्या वेळी शूट आहे त्याच वेळी करावी, कारण मांडवाच्या पानांतून झिरपणारा प्रकाश घडांवर हिरवट छटा आणतो आणि पांढऱ्या रिफ्लेक्टरने ती कितपत निघते हे बागेत उभे राहिल्याशिवाय कळत नाही. घड देठालाच धरायला सांगा. मण्यांवरचा पांढुरका थर बोटांनी पुसला गेला, की ताजेपणा दिसत नाही आणि तो थर पुन्हा आणता येत नाही.

उत्तर २: ड्रोन वापरणार असाल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर झोन तपासा, म्हणजे तिथे ड्रोन उडवायला परवानगी लागते का ते कळेल. ओझरचा विमानतळ आणि देवळालीचा लष्करी परिसर आपल्याच जिल्ह्यात आहेत.

उत्तर ३: माझ्या मते शूटच्या दिवशी सूचना एकाच व्यक्तीने, म्हणजे छायाचित्रकाराने द्याव्यात. ग्राहकाचा प्रतिनिधी कॅमेऱ्याला जोडलेल्या लॅपटॉपजवळ बसवून प्रत्येक फ्रेमला तिथेच मंजुरी घ्या, म्हणजे फेरशूटचा वाद उरत नाही.