शब्दचर्चा: भूखंड, भूपट्ट की प्लेट? आणि 'विवर्तनिकी' म्हणजे नक्की काय?

नमस्कार मंडळी. मुलांसाठी पृथ्वीवर एक छोटंसं पुस्तक लिहितेय, त्यातलं एक वाक्य असं आहे: "पृथ्वीचे भूखंड वितळलेल्या लाव्हावर तरंगत असतात आणि ते एकमेकांवर आदळले की पर्वत तयार होतात." एका मैत्रिणीने वाचलं आणि म्हणाली यातला जवळजवळ प्रत्येक शब्द चुकलाय. मला वाटत होतं की शाळेत असंच शिकवलं होतं. तर प्लेटला मराठीत नेमकं काय म्हणायचं, आणि 'विवर्तनिकी' हा शब्द मुलांना कसा समजावायचा, कुणी सांगाल का?

—

ताई, मैत्रीण बरोबर सांगतेय. पहिलं म्हणजे 'भूखंड' काढाच. एकतर रोजच्या वापरात भूखंड म्हणजे जमिनीचा प्लॉट, आणि दुसरं म्हणजे मुलं त्याचा अर्थ खंड असाच घेणार, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. जर्मन शास्त्रज्ञ वेगेनरने 1912 मध्ये जे मांडलं त्याला 'खंडवहन' म्हणतात आणि तिथे खंड हा शब्द योग्यच आहे, कारण त्याच्या मते खरंच खंडं सरकत होती, समुद्राच्या तळातून वाट काढत. पण कशाच्या जोरावर, हे त्याला पटेल असं सांगता आलं नाही आणि 1930 मध्ये तो ग्रीनलंडच्या बर्फात वारला. पुढे 1960 नंतर जे कळलं ते वेगळं आहे, खंड एकटं सरकत नाही, खंड आणि त्याला जोडलेला समुद्रतळ मिळून एक अख्खा तुकडा सरकतो. त्या तुकड्याला भूपट्ट म्हणायचं. पॅसिफिक भूपट्ट बघा, जवळजवळ सगळा पाण्याखाली आहे, अख्खं खंड असं त्याच्यावर नाहीच, कॅलिफोर्नियाची एक पट्टी आणि न्यूझीलंडचा काही भाग असे तुकडे आहेत. म्हणजे लॉस एंजेलिस पॅसिफिक भूपट्टावर आणि सॅन फ्रान्सिस्को उत्तर अमेरिकेच्या, देश एक, राज्य एक, पण भूपट्ट दोन. आइसलँड तर एकच बेट दोन भूपट्टांवर बसलंय, मधून फट गेलीय.

—

भूपट्टला अनुमोदन, पण एक व्याकरणाचा मुद्दा आहे जो मला फार खटकतो म्हणून लिहितो. हा शब्द 'पट्ट' आहे, 'पट्टा' नाही. पट्ट म्हणजे सपाट कडक फळी किंवा पत्रा, ताम्रपट्ट, शिलापट्ट म्हणतात ना, तोच. त्यामुळे 'भूपट्टाची कड' लिहायचं, 'भूपट्ट्याची' नाही, आणि अनेकवचनही भूपट्टच राहतं, एक भूपट्ट, सात मोठे भूपट्ट. पट्टे केलं की अर्थच बदलतो, कारण पट्टा म्हणजे लांबट चिंचोळी जागा, आणि 'भूकंपाचा पट्टा' हा शब्द आपल्याकडे आधीपासून आहेच. मजा म्हणजे भूकंपाचे पट्टे असतात ते बहुतेक दोन भूपट्टांच्या शिवणीवर! दोन्ही शब्द एका परिच्छेदात आले आणि एक काना चुकला की वाचणारा हरवलाच. मुलांसाठी 'प्लेट' लिहिलंत तरी माझी हरकत नाही, फक्त पहिल्यांदा सांगा की ही बशीसारखी पातळ नाही, साधारण 100 किलोमीटर जाड दगड आहे, वरचं भूकवच आणि त्याखालच्या प्रावरणाचा (म्हणजे भूकवच आणि गाभा यांच्या मधल्या भागाचा) वरचा कडक थर मिळून. त्यालाच शिलावरण म्हणतात.

—

धन्यवाद दोघांनाही, काना-मात्रेचं लक्षातच आलं नव्हतं. आणि विवर्तनिकी?

—

विवर्तनिकी म्हणजे टेक्टॉनिक्स, भूपट्ट कसे सरकतात त्याचं शास्त्र. पण हा शब्द मला मनापासून आवडत नाही, कारण सांगते. 'वृत्' म्हणजे फिरणं, वळणं, त्यावरून विवर्तन. पण फिजिक्सवाले प्रकाश कडेवरून वळतो त्याला विवर्तनच म्हणतात, आणि वेदान्तात दोरीच्या जागी साप भासतो तो विवर्त. एका शब्दावर तीन ओझी. काही पुस्तकांत 'भूपट्ट सांरचनिकी' असतं, उच्चारायला जड आहे पण मूळ अर्थाच्या जास्त जवळ, कारण टेक्टॉनिकच्या मुळाशी ग्रीक 'टेक्टोन' आहे, म्हणजे सुतार, बांधकाम करणारा. आणि आता खरी गंमत, हा टेक्टोन आपल्या संस्कृत 'तक्षन्'चा सख्खा भाऊ आहे, तक्षन् म्हणजेही सुतारच. त्या तक्ष् धातूवरून मराठीत काय आलं? तासणे! क्षेत्रचं शेत झालं, मक्षिकाची माशी झाली, त्याच वाटेने. म्हणजे सुतार रंधा धरून लाकूड तासतो ते तासणं आणि पृथ्वीचं टेक्टॉनिक्स एकाच घरातले शब्द. मुलांना हे सांगितलंत तर विवर्तनिकी पाठ करायला लावायची गरजच नाही, 'पृथ्वीची सुतारकी' म्हणा एकदा, कायम लक्षात राहील.

—

सुतारकी सुंदर! मी 'तरंगणे' या क्रियापदाबद्दल बोलतो कारण सगळ्यात मोठी चूक तिथे आहे असं मला वाटतं. भूपट्टांखाली लाव्हाचा समुद्र नाहीये. लाव्हा हा शब्द मुळात बाहेर पडलेल्या रसासाठी, आत असतो तो मॅग्मा, आणि तोही ठिकठिकाणी थोडाथोडाच. प्रावरण जवळजवळ सगळं घन आहे. हे कळलं कसं, तर भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, आणि प्रावरणातून त्या आरपार जातात, अडतात त्या पार 2900 किलोमीटर खाली बाह्य गाभ्यापाशी. मग घन असून भूपट्ट सरकतात कसे? तर डांबराच्या गोळ्यासारखं समजा, हातोडा मारला तर फुटतो, पण तसाच ठेवून दिला तर हळूहळू पसरतो. शिलावरणाच्या खालचा थर तसा नरम आहे, म्हणून त्याला दुर्बलावरण म्हणतात, हा शब्द मला फार नेमका वाटतो.

आणि सरकवतं कोण? पलंगावरची चादर एका बाजूने जास्त खाली लोंबायला लागली की तो लोंबणारा भागच बाकीची चादर ओढून घेतो आणि सगळीच सर्रकन खाली येते, बघितलंय ना? समुद्रतळ जुना होतो तसा थंड आणि जड होतो, गर्तेपाशी, म्हणजे समुद्रतळाच्या खोल खंदकापाशी, वाकून दुसऱ्या भूपट्टाखाली शिरतो (याला अधोगमन म्हणतात) आणि स्वतःच्या वजनाने मागचा अख्खा भूपट्ट खेचतो. ज्यांची कड अशी खाली चाललीय ते भूपट्ट जास्त वेगाने सरकतात, पॅसिफिकसारखे. अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना अशी लोंबती कड फारशी नाही, म्हणून तो हळूच रुंदावतो, वर्षाला साधारण अडीच सेंटिमीटर, म्हणजे पन्नास वर्षांत सव्वा मीटर. याच अधोगमनामुळे आजच्या महासागरांचा तळ बहुतेक ठिकाणी 18 कोटी वर्षांहून जुना सापडत नाही आणि खंडांवर मात्र 400 कोटी वर्षांचे खडक आहेत. खंड हलकं असतं, ते सहजी खाली जात नाही.

—

नवीन वाक्य करून बघितलं: "पृथ्वीचं कडक कवच मोठमोठ्या भूपट्टांत तुटलेलं आहे. हे भूपट्ट खालच्या नरम पण घन थरावरून वर्षाला काही सेंटिमीटर सरकतात. भारताचा भूपट्ट आशियावर आदळला आणि हिमालय तयार झाला." आता चालेल?

—

चालेल, फक्त शेवटची दोन क्रियापदं बदला. 'आदळला' म्हटलं की धाडकन झालं आणि संपलं असं वाटतं, आणि 'तयार झाला' म्हणजे काम पूर्ण. ते दोघं भिडले त्याला 5 कोटी वर्षं झाली आणि भारत अजून वर्षाला साधारण 5 सेंटिमीटरने उत्तरेला सरकतोय. मधला टेथिस समुद्र मिटला, त्याच्या तळाचा चुनखडक घड्या पडत वर गेला, एव्हरेस्टच्या माथ्यावर आज समुद्री जिवांचे अवशेष आहेत. तेव्हा 'आशियाला भिडला आणि अजून रेटतोय, म्हणून हिमालय अजून उचलला जातोय' असं करा.

—

केलं. 'रेटतोय' मस्त बसतं तिथे.