शब्दचर्चा : ‘खिलाफत मिळाली’ म्हणजे गादी मिळाली का?

प्रश्न : आमच्या गल्लीतून दरसाल बरीच मंडळी गुलबर्ग्याच्या उरुसाला जातात. त्यांच्यासाठी सूफी संत ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांचं छोटं चरित्र उर्दूतून मराठीत करतोय. ‘पीरांकडून खिलाफत मिळाली’ इथं गाडी अडलीय. खिलाफत तशीच ठेवली तर लोकांना गांधीजींच्या काळातली चळवळ आठवते. ‘गादी मिळाली’ चालेल का?

– गादी नको. मुरीद, म्हणजे पीराचा शिष्य, तयार झाला, की पुढे इतरांना मुरीद करून घ्यायचा अधिकार पीर त्याला देतो, ती खिलाफत. ती मिळालेला तो खलिफा; एका पीराचे खलिफे अनेक असतात. निजामुद्दीन औलियांचे एक खलिफा नसीरुद्दीन चिराग-ए-दिल्ली दिल्लीतच राहिले, दुसरे बुरहानुद्दीन गरीब दख्खनेत आले. त्यांचा दर्गा खुलदाबादला. गादीवर मात्र एकच, तो सज्जादानशीन.

बंदेनवाजांचे पीर हेच चिराग-ए-दिल्ली. ते १३५६ साली गेले, तेव्हा निजामुद्दीनांकडून आलेला खिर्का (पीरानं मुरीदाला द्यायचा झगा), काठी, तसबी (जपमाळ) असं सगळं त्यांच्याच इच्छेनं कबरीत ठेवलं. वारसाखूण म्हणून द्यायला काही उरलंच नाही. असं सांगतात, की ज्या खाटेवर पीरांना अंघोळ घातली तिच्या दोऱ्या काढून बंदेनवाजांनी गळ्यात घातल्या : हाच माझा खिर्का! आता याला गादी कसं म्हणणार?

– शिक्षणाचा भागही जपून लिहा. बंदेनवाजांचा जन्म दिल्लीचा, १३२१चा. लहानपणी वडिलांबरोबर दौलताबादला आले, वडील इकडेच वारले, मग पुन्हा दिल्ली. तिथं काझी अब्दुल मुक्तदिर यांच्याकडे शिकले. मुरीद झाल्यावर पोथ्या सोडून नुसती साधना करावी असं त्यांच्या मनात आलं, तर पीरांनीच सांगितलं, आधी शिक्षण पुरं कर. तेव्हा मुरीदसाठी ‘विद्यार्थी’ लिहिलंत तर घोटाळा होईल. मदरशातला उस्ताद वेगळा, पीर वेगळा. मुरीद तसाच ठेवा. ‘इरादा’ त्याच धातूतला, त्यामुळे अर्थ लागतो.

– मग ‘दीक्षा देण्याचा अधिकार मिळाला’ असं करतो.

– सोलापुरात दीक्षा म्हटलं की पहिल्यांदा लिंगायतांची लिंगदीक्षाच डोक्यात येते की ओ. ‘अनुग्रह’ घ्या. वारकऱ्यालाही कळतं, आणि गुरूनं स्वतः जवळ केलं हा भावही त्यात येतो. ‘अनुग्रह देण्याचा अधिकार, म्हणजे खिलाफत’ असं पहिल्या वेळी लिहा, पुढे नुसतं खिलाफत.