जुन्या अमेरिकी बिअरच्या जाहिरातींत घरसंसार का?

प्रश्न (फोंडा): पणजीतील एका खानावळीत १९५० च्या सुमाराची अमेरिकी बिअरची जाहिरात चौकटीत लावलेली आहे. हिरवळीवर जमलेली नीटनेटकी मंडळी आणि ट्रेमध्ये ग्लास घेऊन येणारी हसरी गृहिणी आहे. गुत्त्याचा मात्र मागमूस नाही. असे का असावे?

उत्तर (म्हापसा): याचे मूळ १९२० ते १९३३ च्या दारूबंदीत आहे. बंदी उठली तरी बिअरवरचा गुत्त्याचा डाग पुसला गेला नव्हता, म्हणून उत्पादकांच्या संघटनेने १९४५ पासून सुमारे दशकभर ‘अमेरिकेतील गृहजीवन’ या अर्थाची चित्रमालिका मासिकांत छापली. डग्लस क्रॉकवेलसारख्या चित्रकारांनी त्यात पत्त्यांचा डाव, बागकाम, शेजाऱ्यांची बैठक असे प्रसंग रंगवले आणि बिअर हे संयमाचे पेय असल्याचे खाली छापले जाई. गंमत म्हणजे त्यांत कोणी झिंगलेला दिसत नाही!

उत्तर (मडगाव): वरील खुलासा पटतो, पण या चित्रांत कोण नाही, हेही पाहावे. ही मंडळी जवळजवळ सगळी गोरी व सुखवस्तू आहेत आणि त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेत वर्णभेद कायद्यानेच चालत होता. शिवाय युद्धकाळात कारखान्यांत राबलेल्या स्त्रियांना इथे पुन्हा यजमानीणच केले आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आपल्या गोव्याच्या तावेर्नांतल्या (गुत्त्यांतल्या) बाकावर बसणाऱ्यांना त्या हिरवळीवर कोणी बोलावले नसते, हे नक्की.