मेंदूपर्यंत पोहोचणारे ई जीवनसत्त्व कोणते घ्यावे? (सल्ला हवा)

शरदचांदणे: आईला अलीकडे विस्मरण जाणवू लागले आहे आणि ई जीवनसत्त्व मेंदूचे रक्षण करते असे वाचल्यापासून ते घेण्याचा तिचा आग्रह आहे. ती वॉरफेरिन (रक्त गोठू न देणारे औषध) घेते, म्हणून प्रौढांसाठी सांगितलेल्या रोजच्या १५ मिलिग्रॅमच्या पुढे जायचे नाही, ही माझी एकच अट आहे. या मर्यादेत नैसर्गिक, कृत्रिम आणि टोकोट्रायनॉल (ई जीवनसत्त्वाचाच एक वेगळा प्रकार) यांपैकी कोणता प्रकार घ्यावा?

रानवाट: मी कित्येक वर्षे ४०० युनिटची नैसर्गिक कॅप्सूल घेत आहे आणि माझ्या वयाच्या मित्रांपेक्षा माझी स्मरणशक्ती तल्लख आहे. १५ मिलिग्रॅमने काही साधत नाही, तुम्ही ४०० युनिटचीच घ्या. वेष्टनावर 'डी-अल्फा' लिहिलेले असले तर ते नैसर्गिक आणि 'डीएल-अल्फा' असले तर कृत्रिम, एवढे मात्र नीट पाहा.

अभ्यासक: ४०० युनिट नैसर्गिक म्हणजे सुमारे २६८ मिलिग्रॅम, म्हणजेच धागाकर्तीच्या मर्यादेच्या जवळजवळ अठरापट. प्रकाराची निवड करण्याआधी या जीवनसत्त्वाचा मार्ग पाहावा. ते मेदात विरघळते, त्यामुळे आतड्यात पित्त आणि आहारातील मेद यांच्या सोबतीनेच शोषले जाते आणि मग यकृतात पोहोचते. तिथे अल्फा-टोकोफेरॉल (ई जीवनसत्त्वाचा शरीरात मुख्यतः टिकणारा प्रकार) वाहून नेणारे एक विशेष प्रथिन त्याला निवडून रक्तातील लायपोप्रोटीनच्या (मेद वाहून नेणाऱ्या) कणांत चढवते आणि उरलेल्या प्रकारांचे बरेचसे विघटन होऊन ते बाहेर पडतात. रक्त-मेंदू अडथळ्यावरील (रक्तातून मेंदूत काय जाईल हे ठरवणाऱ्या आवरणावरील) पेशी एचडीएलसारख्या अशाच कणांतून ते आत घेतात आणि पुढे मेंदूतील तारापेशी (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी) ते चेतापेशींपर्यंत पोहोचवण्यास हातभार लावतात. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असूनही तो सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो आणि त्याच्या पेशींच्या पटलांत सहज ऑक्सिडीकृत होणारी (ऑक्सिजनमुळे बिघडणारी) मेदाम्ले भरपूर असतात. एका मेदाम्लापासून दुसऱ्याकडे पसरत जाणारी या बिघाडाची साखळी अल्फा-टोकोफेरॉल स्वतःचा हायड्रोजन देऊन तोडते आणि क जीवनसत्त्व त्याला पुन्हा कार्यक्षम करते.

समईची_वात: एवढे सविस्तर लिहून आपण टोकोट्रायनॉल विसरलात. माझ्या मोठ्या भावाने तीच कॅप्सूल घेतली आणि त्याला फार बरे वाटले. तीच घ्या.

अभ्यासक: वाहक प्रथिनाची अल्फा-टोकोट्रायनॉलशी बांधिलकी अल्फा-टोकोफेरॉलच्या तुलनेत जेमतेम १२ टक्के आढळली आहे. प्रयोगशाळेतील पेशींवर ते प्रभावी दिसते, परंतु तोंडाने घेतल्यावर पुरेशी पातळी टिकवणे हा वेगळा प्रश्न आहे.

समईची_वात: यकृताने मागे ठेवले म्हणून एखादी गोष्ट निरुपयोगी ठरत नाही. कमी प्रमाणात पोहोचलेलेही काम करतेच.

जुनाजाणता: वॉरफेरिनचा उल्लेख वाचूनही लोक ४०० युनिट कसे सुचवतात, हे मला कळत नाही. माझ्या वडिलांना वॉरफेरिनबरोबर ई जीवनसत्त्वाची मोठी मात्रा दिली जात होती. हिरड्यांतून रक्त येऊ लागेपर्यंत दोन्ही औषधे एकत्र चालू आहेत का, हे कोणीही विचारले नाही. मोठी मात्रा के जीवनसत्त्वावर चालणाऱ्या रक्त गोठण्याच्या प्रक्रियेत अडथळा आणते. काहीच घेऊ नका.

पाऊलखुणा: 'काहीच नको' हे सर्वांना लागू नाही. माझ्या भाच्याची चाल लहानपणी अडखळू लागली आणि बराच काळ तो फ्रीड्राइख अटॅक्सियाचा (तोल आणि चाल बिघडवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा) रुग्ण समजला जात होता. शेवटी एका न्यूरॉलॉजिस्टनी रक्तातील ई जीवनसत्त्व तपासले, तेव्हा ते अत्यंत कमी निघाले. त्याच्या जनुकातील दोषामुळे यकृतातले तेच वाहक प्रथिन काम करत नाही. त्याच्यासाठी मोठी मात्रा हेच औषध आहे, आणि ती आयुष्यभर घ्यावी लागेल. ही तपासणी करताना कोलेस्टेरॉलही मोजावे, कारण हे जीवनसत्त्व त्याच कणांवर प्रवास करते आणि नुसता आकडा दिशाभूल करतो.

रानवाट: म्हणजे मोठी मात्रा उपयोगी पडते, हेच सिद्ध झाले.

तळटीप: ते केवळ कमतरतेच्या बाबतीत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सौम्य स्मृतिदोष असलेल्यांना रोज २००० युनिट देऊनही अल्झायमरकडे होणारी वाटचाल रोखली गेली नाही. २०१४ च्या चाचणीत ६१३ रुग्ण होते. सौम्य ते मध्यम अल्झायमर असलेल्यांच्या रोजच्या व्यवहारांतील घसरण मंदावली, मात्र स्मृती आणि आकलनात खात्रीचा फरक दिसला नाही. शिवाय २०११ मध्ये ४०० युनिट घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेट कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला.

समईची_वात: जेवणाबरोबर घ्यावी, हे कोणी सांगितलेच नाही. मेदाशिवाय शोषण होत नाही.

पाऊलखुणा: अभ्यासक यांनी ते आधीच लिहिले आहे.

शरदचांदणे: सर्वांचे मनापासून आभार. आईच्या डॉक्टरांशी बोलून मी असे ठरवले आहे की रोजच्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीतले १० मिलिग्रॅम कृत्रिम ई जीवनसत्त्वच तिला द्यायचे आणि वेगळी कॅप्सूल घ्यायची नाही. आपल्यापैकी कोणीही ते सुचवले नाही. परंतु ज्या २०१४ च्या चाचणीचा दाखला दिला गेला, तीतही कृत्रिमच वापरले होते आणि इतक्या कमी मात्रेत नैसर्गिकचा आग्रह धरणे मला आवश्यक वाटत नाही. रक्त गोठण्याची तपासणी ठरल्या वेळी होईलच, आणि विस्मरणासाठी स्मृतितपासणीचीही वेळ घेतली आहे.

रानवाट: निर्णय तुमचा, पण मी ४०० युनिटच घेत राहणार.